पास हातात असताना तिकिटांचे पैसे: स्वित्झर्लंडच्या सहलीत आम्ही कसे फसलो

गेल्या जूनमध्ये मी, हे, माझा दादा आणि वहिनी असे चौघं स्वित्झर्लंडला जाऊन आलो. ग्रुप टूरची धावपळ आमच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. म्हणून लुझर्नला मुक्काम करायचा, रोज सकाळी ट्रेनने एक गाव बघायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असं ठरवलं. व्हिसा, हॉटेल, तिकिटं सगळं नाशिकच्याच एका एजंटाकडे सोपवलं. आमच्या सोसायटीतल्या दोन कुटुंबांची दुबई त्यानेच केली होती. बोलणं गोड, कागद न्यायला स्वतः घरी यायचा. आणखी चौकशी करावी असं कुणालाच वाटलं नाही.

त्याच्या बिलात पहिली ओळ होती ‘स्विस ट्रॅव्हल पास, 4 दिवस’. त्याखाली ‘डे ट्रिप रेल्वे तिकिटे: एंगेलबर्ग, रिगी, बर्न’, माणशी 19,200 रुपये. त्याखाली ‘सीट रिझर्व्हेशन’, माणशी 1,400. हे चौदा वर्षं नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने पास काढून मुंबईला नोकरीला जायचे. त्यांनी लगेच विचारलं, “पास आहे तर तिकीट कशाला?” तो हसून म्हणाला, “काका, तिकडचा पास म्हणजे नुसतं सवलतीचं कार्ड. तिकीट वेगळं काढावंच लागतं.” परक्या देशाचे नियम आपल्याला काय माहीत, म्हणून हेही गप्प बसले. निघण्याच्या आदल्या दिवशी पास आले आणि सोबत त्याच्या लेटरहेडवर छापलेली, गोल शिक्का मारलेली व्हाउचर्स.

पहिल्या दिवशी लुझर्नहून एंगेलबर्गच्या गाडीत बसलो. पाऊण तासाचा प्रवास. तिकीट तपासनीस बाई आल्या, पासावरचा कोड स्कॅन केला, पासपोर्ट बघितला आणि पुढे निघाल्या. मी व्हाउचर पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि पास पुरेसा आहे, याची गरज नाही, असं सांगून परत दिलं. तिथून वर टिटलिस या बर्फाच्या डोंगरावर जाणाऱ्या रोपवेच्या खिडकीवर दरपत्रक लावलेलं होतं. पासधारकांना अर्धा दर. एजंटाने आमच्याकडून पूर्ण दराने माणशी 9,600 घेतले होते.

तिथेच पोटात कालवलं. तरी मनाची समजूत घातली, काहीतरी गफलत झाली असेल.

दुसऱ्या दिवशी रिगीचा डोंगर. बोटीने तळ्याकाठच्या फिट्सनाउला, तिथून दातेरी रुळांवर चढणारी लाल गाडी. 1871 साली सुरू झालेली ही युरोपातली पहिली डोंगररेल्वे, आणि सगळ्या सहलीत मला तीच सर्वात जास्त बघायची होती. बोटीवर पास चालला. डोंगराच्या गाडीतही पासच चालला. खिडकीबाहेर तळं खाली खाली जात होतं आणि मी मांडीवरच्या व्हाउचरकडे बघत बसले होते. त्या दिवसाचं मला अजूनही वाईट वाटतं.

संध्याकाळी लुझर्न स्टेशनच्या तिकीट खिडकीवर गेलो. तिथल्या मुलाने एक नकाशा उलगडला. सलग रेघ असेल तिथे पासावर प्रवास मोफत, तुटक रेघ असेल तिथे सवलत. मग एकेक ठिकाण दाखवलं. एंगेलबर्गपर्यंत सलग. रिगी सलग. बर्न सलग. तुटक रेघ फक्त एंगेलबर्गहून वर टिटलिसला. बर्नच्या गाडीला सीट रिझर्व्ह करावीच लागत नाही, हेही त्यानेच सांगितलं. ग्लेशियर एक्सप्रेससारख्या खास पर्यटकांच्या गाडीत पास असला तरी सीटचे पैसे वेगळे भरावे लागतात, पण त्या गाडीत आम्ही बसणारच नव्हतो.

हॉटेलवर येऊन ह्यांनी हिशेब मांडला. तिकिटांचे 76,800, सीटचे 5,600, टिटलिसचे जास्तीचे 19,200. एक लाख एक हजार सहाशे. दादा ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, त्याच्या ग्रॅच्युइटीतले पैसे होते हे. तो रात्री जेवला नाही. वहिनी म्हणत राहिली, “माझ्यामुळे झालं, मलाच बर्फ बघायचा होता.” त्या माणसाने पैसे नेले ते नेलेच, पण तिच्या तोंडी हे वाक्य आणलं याचा मला जास्त राग आहे.

परत आल्यावर त्याच्या ऑफिसात गेलो. म्हणाला, “ताई, ते आमचे सर्व्हिस चार्जेस.” सर्व्हिस चार्ज घ्यायला आमची ना नव्हती. मग बिलात तसं लिहायचं होतं. नसलेल्या तिकिटांची नावं कशाला छापली? याला उत्तर नव्हतं. शेवटी दहा हजार देऊ केले. आम्ही घेतले नाहीत.

जाणार असाल त्यांनी पासाचा नकाशा पैसे देण्याआधी बघा. तो इंटरनेटवर फुकट मिळतो. बिलातली प्रत्येक जागा त्यावर स्वतः शोधा. तिकीट म्हणून जे हातात येईल त्यावर रेल्वेचा कोड, प्रवाशाचं नाव आणि तारीख आहे का ते पाहा. आमच्या व्हाउचरवर फक्त एजंटाचा शिक्का होता. तिकिटावर 1/2, म्हणजे अर्धा दर, असं छापलेलं असेल आणि तुमच्याकडे अर्ध्या दराचं कार्ड नसेल, तर गाडीत वरचे पैसे तुम्हालाच भरावे लागतील. आणि रोख देऊ नका. आम्ही निम्मे पैसे त्याच्या सांगण्यावरून रोख दिले, आता त्यांचाच पुरावा शोधत बसलो आहोत.

आधी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर फोन केला. मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. व्हाउचर्स फाडून टाकायला निघालेल्या दादाच्या हातातून मी ती काढून घेतली होती. तिन्ही ठिकाणांची नावं आणि त्या एजंटाचा शिक्का असलेला तोच एक कागद आमच्याकडे आहे. तो फाइलमध्ये सगळ्यात वर लावला आहे, त्याखाली लुझर्नच्या मुलाने दिलेला नकाशा.