हरकतीसाठी नकाशा करून घेतला, त्याचा अनुभव

हातकणंगले तालुक्यात आमचं पावणेदोन एकर रान आहे, सगळा आडसाली ऊस. पेपरात महामार्गाची 3 अ ची अधिसूचना, म्हणजे रस्त्यासाठी जमीन घ्यायचा इरादा सांगणारी सरकारी जाहिरात, आली. त्यात आमच्या गट नंबरापुढं नुसतं 0.21.00 लिहिलेलं. 21 आर म्हणजे साधारण 21 गुंठे, एवढं कळतं. पण ते कुठले? बांधाकडचे की विहिरीकडचे? आणि हरकत घ्यायला कायद्यानं 21 दिवस. त्यातले 8 दिवस घरात चुलत दिरांशी बोलाचाली करण्यात गेले.

मग जाऊबाईंच्या भावानं कोल्हापुरातल्या एका खासगी मोजणीदाराचं ऑफिस सांगितलं. एक खोली, दोन कॉम्प्युटर. सातबारा, आठ अ आणि जुन्या सरकारी मोजणीच्या नकाशाची नक्कल (क प्रत) नेली. पैसे घ्यायच्या आधीच ते म्हणाले, "काकू, हा नकाशा सरकारी मोजणीच्या जागी चालणार नाही, त्यासाठी भूमी अभिलेखकडंच अर्ज करावा लागतो." हे मला फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा रोव्हर, म्हणजे उपग्रहावरनं जागा मोजायचं यंत्र, घेऊन रानात आला. भर उसातनं, पाचटातनं फिरून त्यानं हद्दीचे आणि आखणीवाल्यांनी रोवलेले असे सगळे दगड मोजले. चौथ्या दिवशी नकाशा हातात आला, तेव्हा मी तिथंच बाकावर बसले. रस्ता रान तिरका कापतो. एका अंगाला 43 गुंठे ऊस राहतो, दुसऱ्या अंगाला 6 गुंठ्यांचा त्रिकोण, आणि विहीर त्या त्रिकोणात! ट्रॅक्टर तिथं वळतसुद्धा नाही. गेलेल्या 21 गुंठ्यांपेक्षा राहिलेल्या 49 चं काय होणार हा खरा प्रश्न होता, आणि तो त्या कागदावर पहिल्यांदा दिसला.

तक्रारी दोन. पहिल्या नकाशावर सगळी नावं इंग्रजीत होती. दिरांना ती वाचता येईनात. आणि पूररेषा दाखवलीच नव्हती. 2019 ला आणि 2021 ला पंचगंगा फुगली तेव्हा ओढ्यातनं पाणी मागं येऊन आमच्या उसात उभं राहिलं होतं. तिथंच आता रस्त्याचा भराव येणार, मग पूररेषेशिवाय नकाशा अपुराच. त्यांनी निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतनं एकदा, हे समजावून दोन्ही रेषा घातल्या, नावं मराठीत केली. पण 2 दिवस आणि 500 रुपये जादा गेले. मूळ 3,500 मध्येच हे व्हायला हवं होतं. तुम्ही जाणार असाल तर दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी सांगा.

19 व्या दिवशी हरकत दिली. विहिरीच्या पाइपलाइनसाठी भराव पडायच्या आधी रस्त्याखालून वाट ठेवा आणि ओढ्यावरची मोरी मोठी करा, असं नकाशावर खुणा करून लिहिलं. पोच शिक्क्यासह घेतली. सुनावणीची तारीख यायची आहे. नकाशाच्या दोन प्रती लॅमिनेट करून ठेवल्यात, एक चुलत दिरांकडं दिलीय.