जुना डीव्हीआर, नवा डीव्हीआर आणि मिरचीची वखार

नंदुरबारला आमची मिरचीची वखार आहे आणि तिला लागूनच मिरची वाळवण्याची मोकळी पथारी आहे. दोन्ही ठिकाणी मिळून आठ कॅमेरे आहेत. २०१४ मध्ये बसवलेला आठ चॅनेलचा, म्हणजे आठ कॅमेरे जोडता येणारा डीव्हीआर (कॅमेऱ्यांची चित्रे डिस्कवर नोंदवणारे यंत्र) आम्ही नऊ वर्षे वापरला आणि २०२३ मध्ये, हंगामाच्या तोंडावर, त्याच्या जागी नवा घेतला. जुना मोडीत दिला नाही, त्यामुळे दोन्ही यंत्रे एकाच छताखाली, त्याच उन्हाळ्यात आणि बऱ्याच अंशी त्याच वायरिंगवर चालवून पाहता आली. कंपन्यांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेले गुणदोष बहुतांशी त्या त्या पिढीच्या यंत्रांचे आहेत.

नवा घेण्याला एक वाद कारणीभूत झाला. तळोद्याकडच्या एका शेतकरी काकांचे म्हणणे होते की त्यांच्या एका पोत्याचे वजन ४२ किलो भरले. आमच्या वहीत ४० लिहिलेले होते. काट्यावर कॅमेरा होता, म्हणून आम्ही दोघांनी शेजारी बसून ते रेकॉर्डिंग लावले. पोते दिसत होते, हमालाचा हात दिसत होता, पण काट्याच्या आकड्यांच्या जागी फक्त एक तांबडा डाग होता. “भाऊ, काहीच दखाई नही ऱ्हायनं,” काका म्हणाले, आणि ते खरेच होते. मी ४२ धरून हिशेब केला. पैशांपेक्षा मला जास्त लागले ते हे, की नऊ वर्षे चालू असलेला कॅमेरा नेमक्या प्रश्नाला उत्तर देऊ शकला नाही.

जुना डीव्हीआर ९६०एच प्रकारचा आहे, म्हणजे त्याचे चित्र ९६० गुणिले ५७६ ठिपक्यांचे, एकूण साडेपाच लाखांच्या आसपास. नव्याचे पूर्ण चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपक्यांचे. आज त्याच काट्याचे आकडे, काट्यावरच्या कॅमेऱ्याचा प्रकाश थोडा कमी केल्यावर, स्पष्ट वाचता येतात. फाटकातून आत येणाऱ्या पिकअपचा नंबरही दिवसा वाचता येतो. मात्र खोक्यावर ‘१०८०’ छापले आहे एवढ्यावर कोणी विसंबू नये. स्वस्त डीव्हीआरमध्ये ‘१०८०एन’ नावाचा प्रकार असतो आणि त्यात चित्राची रुंदी निम्मी, म्हणजे ९६० ठिपके, इतकीच नोंदवली जाते. पडद्यावर ते ताणून दाखवल्यामुळे दुकानात फरक कळत नाही, आकडे वाचायची वेळ आली की कळतो. तसेच काही यंत्रे पूर्ण १०८०पी देतात, पण सेकंदाला २५ ऐवजी १२ किंवा १५ चित्रेच घेतात. वखारीला तेवढी चालतात, गल्ल्यावर नोटा मोजतानाच्या कॅमेऱ्याला चालत नाहीत. खरेदीपूर्वी माहितीपत्रकातील ही एक ओळ वाचून घ्यावी.

नव्या यंत्राची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे जुनी वायर कायम ठेवता आली. आमच्याकडे सगळीकडे थ्री प्लस वन वायर आहे, म्हणजे चित्रासाठी एक कोअॅक्सियल (जाळीचे आवरण असलेली वायर) आणि विजेसाठी तीन बारीक तारा. नवा डीव्हीआर जुने अॅनालॉग कॅमेरे आणि टीव्हीआय, सीव्हीआय, एएचडी या तिन्ही पद्धतींचे एचडी कॅमेरे त्याच बीएनसी पिनेवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या गोल पिनेवर घेतो, शिवाय काही आयपी, म्हणजे नेटवर्कवरून चालणारे कॅमेरेही जोडता येतात. पण जुना कॅमेरा नव्या यंत्राला जोडला तर चित्र जुन्याच दर्जाचे येते. डीव्हीआर बदलला म्हणजे चित्र सुधारले असे होत नाही, ही गोष्ट विकणाऱ्याने आम्हाला सांगितली नव्हती. पैसे कमी असतील तर काटा, गल्ला आणि फाटक या तीन जागांचे कॅमेरे आधी बदलावेत आणि पथारीचे जुने ठेवावेत. आम्ही तसेच केले. उलट बाजूने, नवा कॅमेरा जुन्या डीव्हीआरला जोडला तर पडदा काळा राहतो किंवा वेड्यावाकड्या रेषा दिसतात. तो कॅमेरा खराब नसतो. अनेक एचडी कॅमेऱ्यांच्या वायरीवर एक बारीक कळ किंवा स्विच असतो. तो काही सेकंद दाबून धरल्यास कॅमेरा साध्या अॅनालॉग पद्धतीवर येतो आणि चित्र उमटते.

किती दिवसांचा बॅकअप मिळेल, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि दुकानदार बहुधा अंदाजाने उत्तर देतो. हिशेब अगदी सोपा आहे. एका कॅमेऱ्याची नोंद सेकंदाला १ मेगाबिट वेगाने होत असेल, तर दिवसाला १०.८ जीबी जागा लागते. आमचे आठ जुने कॅमेरे याच वेगाने १ टीबीच्या डिस्कवर साठवले जात, म्हणून अकरा दिवसांपूर्वीचे काही सापडत नसे. नव्या यंत्रात एच.२६५ ही चित्र आकुंचित करून साठवण्याची पद्धत आहे आणि ती जुन्या एच.२६४ च्या मानाने साधारण निम्म्या जागेत तेवढ्याच दर्जाचे चित्र बसवते. सर्व कॅमेरे १.५ मेगाबिटवर धरले, तर २ टीबीमध्ये पंधरा दिवस मिळतात. पहिल्या आठवड्यात मात्र आम्हाला बॅकअप निम्माच दिसत होता, कारण बसवणाऱ्याने सेटिंग एच.२६४ वरच सोडले होते. ज्यांच्याकडे नवा डीव्हीआर आहे त्यांनी मेन्यूतील एन्कोड हे पान आजच उघडून पाहावे.

डिस्कही पहारेकामाचीच घ्यावी. डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक या डिस्क चोवीस तास लिहीत राहण्यासाठी बनवलेल्या आहेत. संगणकातील साधी डिस्क डीव्हीआरमध्ये चालते, पण तिची घडणच त्या कामासाठी नसते. आमची पहिली साधी डिस्क दोन वर्षांत टकटक वाजू लागली होती.

आता बिघाडांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नऊ वर्षांत ‘डीव्हीआर बिघडला’ म्हणून आम्ही ज्या ज्या वेळी माणूस बोलावला, त्यातील बहुतेक वेळा दोष डब्यात नव्हता.

पथारीच्या टोकाचा कॅमेरा रोज संध्याकाळी बंद पडे आणि सकाळी आपोआप सुरू होई. कॅमेरा बदलला, पीन बदलली, डीव्हीआरचे चॅनेल बदलले. काही उपयोग झाला नाही. शेवटी माझ्या धाकट्या भावाने मल्टीमीटर घेऊन, अंधार पडल्यावर शिडीवर चढून, कॅमेऱ्याच्या टोकाला व्होल्टेज मोजले. कार्यालयातील एसएमपीएसमधून (कॅमेऱ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्यातून) १२ व्होल्ट निघत होते आणि ९० मीटरवर पोहोचेपर्यंत साडेनऊसुद्धा उरत नव्हते. दिवसा कॅमेरा थोडा करंट घेतो, म्हणून तो भागवून नेई. अंधार झाला की रात्रीचे इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो, बारीक तारेत व्होल्टेज पडते आणि कॅमेरा मान टाकतो. त्या खांबावरच वेगळा अडॅप्टर बसवला आणि तो कॅमेरा तेव्हापासून एकदाही गेला नाही. रात्रीच बंद पडणारा कॅमेरा दिसला की पहिला संशय डीव्हीआरवर न घेता तारेवर घ्यावा.

दुसरा त्रास चित्रावरून खालून वर सरकणाऱ्या आडव्या पट्ट्यांचा. पथारीवरच्या लोखंडी खांबाचे अर्थिंग आणि वखारीचे अर्थिंग यांच्यात फरक पडतो आणि कोअॅक्सियलच्या जाळीतून विजेची ५० हर्ट्झची गुणगुण डीव्हीआरपर्यंत येते. कॅमेरा आणि लोखंड यांच्यामध्ये रबराचा तुकडा घातल्यावर पट्ट्या नाहीशा झाल्या. जिथे ते जमत नाही तिथे ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते. नव्या यंत्रात पट्ट्यांचे आणखी एक कारण सापडले, ते म्हणजे ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकणे. कॅमेऱ्याचे सेटिंग एनटीएससी, म्हणजे ६० हर्ट्झवर होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ते पीएएलवर, म्हणजे ५० हर्ट्झवर आणावे लागले.

डीव्हीआर वारंवार आपोआप बंद होऊन सुरू होत असेल, तर डिस्कची वायर काढून तो चालू करून पाहावा. डिस्कशिवाय नीट चालला तर दोष डिस्कचा किंवा अडॅप्टरचा असतो; डिस्क फिरायला लागताना तिला एकदम जास्त करंट लागतो आणि थकलेला अडॅप्टर तो देऊ शकत नाही. आमच्या जुन्या यंत्राला त्याच मापाचा नवा अडॅप्टर लावताच ते पूर्ववत झाले. इन्व्हर्टर असलेल्यांनी त्याच्या मागचा यूपीएस मोडचा स्विच चालू आहे का, हेही पाहावे, नाही तर भारनियमनाच्या प्रत्येक फेऱ्यात डीव्हीआर झटका खाऊन नव्याने सुरू होतो आणि तेवढी मिनिटे नोंद होत नाही.

घड्याळाचा बिघाड सर्वांत क्षुल्लक आहे आणि सर्वांत घातकही. एकदा फुटेज शोधताना कालची तारीखच यादीत नव्हती. वीज गेल्यावर जुन्या डीव्हीआरचे घड्याळ १ जानेवारी २००० वर गेले होते आणि रेकॉर्डिंग मुकाट्याने त्या तारखेखाली साठत होते. आतील सीआर२०३२ ही चपटी, नाण्याएवढी बॅटरी संपली होती. ती कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळते. झाकण उघडून बदलायला पाच मिनिटे लागतात. नवा डीव्हीआर इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतो, पण त्यासाठी वेळेचा विभाग ५.३० असा निवडलेला असावा लागतो.

उष्णता आणि धूळ या बाबतीत मी जुन्या यंत्राला झुकते माप देईन, पण अर्धेच. त्याची पेटी जाड पत्र्याची आहे आणि आत पंखा आहे. मात्र मिरचीच्या वखारीत पंखा म्हणजे ठसका ओढणारे तोंड: दर हंगामाअखेर झाकण उघडले की पात्यांवर लाल भुकटीचा थर आणि डिस्कवर एखादे बी सापडे. ब्रशने झटकताना शिंका आणि डोळ्यांची आग ठरलेलीच. नव्या यंत्राला पंखा नाही, त्यामुळे धूळ आत जात नाही. पण त्याची पेटी लहान आहे आणि खानदेशच्या मे महिन्यात, पारा ४४ अंशांवर असताना, डिस्कच्या तपशिलाच्या पानावर तिचे तापमान ५८ अंश दिसले. आम्ही तो लाकडी कपाटातून काढून भिंतीवर, चारी बाजूंनी हवा लागेल असा उंच बसवला. तेव्हापासून तो आकडा पन्नासच्या आसपास राहतो.

मोबाइलवर पाहण्याच्या सोयीत नव्याशी जुन्याची बरोबरी होत नाही. जुन्याला बाहेरून पाहण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचा रस्ता, उघडावा लागे आणि संगणकावर इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर लागे. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी तो बंद केला. आता एज ब्राउझरमध्ये त्याची जुनी पद्धत चालू करून काम भागवावे लागते. शिवाय अनेक इंटरनेट कंपन्या इंटरनेटवरचा एकच पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटून देतात, त्यामुळे पोर्ट उघडूनही बाहेरून पोहोचता येत नाही. आणि पोर्ट उघडा ठेवणे धोक्याचेही आहे: ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने कारखान्याचाच पासवर्ड ठेवलेले असंख्य डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेऊन अमेरिकेतील डाइन या कंपनीवर हल्ला केला होता आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली होती. नव्यात क्यूआर कोड स्कॅन केला की काम होते, आणि तो सुरुवातीलाच स्वतःचा पासवर्ड ठरवायला लावतो.

पण इथेच आम्हाला खरा मनस्ताप झाला. बसवायला आलेल्या माणसाने नोंदणी स्वतःच्या मोबाइल नंबरवर केली आणि आम्हाला फक्त पाहण्याची परवानगी दिली. म्हणजे आमच्या वखारीचे आठही कॅमेरे त्याच्या फोनवर सहा महिने दिसत होते. त्याचा हेतू वाईट नसेल, पण हे मला आजही मान्य नाही. नोंदणी मालकाच्या नंबरवर आणि मालकाच्या ई-मेलवर, मालकाच्या डोळ्यांसमोर झाली पाहिजे. पासवर्ड विसरल्यास तो परत मिळवण्याचा रस्ताही त्या ई-मेलमधूनच जातो.

फुटेज काढून देण्याचे काम जुन्यावर सोपे होते असे म्हणता येणार नाही. तो फक्त एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह ओळखतो आणि फाइल अशा प्रकारात देतो की ती कंपनीच्या प्लेअरशिवाय चालत नाही. नवा एमपी४ देतो, पण एच.२६५ असल्यामुळे जुन्या संगणकावर आवाज येतो आणि चित्र येत नाही. व्हीएलसी प्लेअर टाकल्यावर बहुधा चालते. पोलिसांना किंवा न्यायालयात द्यायचे असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून काढलेला तिच्या ठशासारखा संकेत, लिहावे लागते. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. म्हणून मूळ फाइल जशी निघाली तशीच ठेवावी, व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली प्रत मूळ म्हणून देऊ नये, आणि चित्रावरचे घड्याळ बरोबर आहे याची त्याच वेळी खात्री करावी.

डिस्कसह नव्या यंत्राला आम्हाला दहा हजार रुपये लागले, कॅमेरे वेगळे. काट्यावरचा वाद त्यानंतर दोनदा झाला. दोन्ही वेळा रेकॉर्डिंग लावले आणि आकडा वाचून विषय मिटला, त्यातल्या एका वेळी चूक आमच्या वहीची निघाली. जुना डीव्हीआर आता पथारीवरच्या पहारेकऱ्याच्या खोलीत आहे, चार जुन्या कॅमेऱ्यांसह, इंटरनेटशिवाय. पुढच्या पॅनेलवरची बटणे दाबून अवकाळी पावसाच्या रात्री कोणत्या कोपऱ्यावर ताडपत्री उडाली ते तो दादा बसल्या जागी पाहतो, आणि त्या कामाला साडेपाच लाख ठिपके पुरतात.