तेरा वर्षांचा डेस्कटॉप, सकाळची निळी स्क्रीन आणि एक बटण सेल: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

घरातला डेस्कटॉप २०१२ सालचा, बाबांचा. हिशेब, पत्रं, जुने फोटो आणि पत्त्यांचा खेळ एवढंच त्याचं काम, त्यामुळे तो बदलावा असं कोणालाच कधी वाटलं नाही. मग एक दिवस तो सकाळी सुरू व्हायला नखरे करू लागला आणि माझे जवळजवळ दोन महिने त्यात गेले. दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशी सगळेच खूश असतात, म्हणून तेव्हा लिहिलं नाही. आता आठ महिने वापरून झालेत.

तक्रार अशी होती. बटण दाबलं की विंडोजचा लोगो यायचा, गोल ठिपके दोन-तीन फेऱ्या मारायचे आणि निळी स्क्रीन: 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. मग आपोआप रिस्टार्ट, परत तेच, आणि तिसऱ्या वेळेला 'ऑटोमॅटिक रिपेअर'. ते पाऊण तास घोळ घालून सांगायचं की दुरुस्ती होऊ शकली नाही. वैताग असा की हे रोज व्हायचं नाही. चार दिवस गुण्यागोविंदाने चालायचा, पाचव्या दिवशी नाटक.

पहिले दोन आठवडे मी विंडोजच्या मागे लागले. स्टार्टअप रिपेअर, सेफ मोड, 'बूटरेक'च्या आज्ञा, 'एसएफसी स्कॅननाउ', 'डिझम', म्हणजे विंडोजची स्वतःची दुरुस्तीची हत्यारं. एकाचाही उपयोग झाला नाही, कारण निळ्या स्क्रीनचं मूळ विंडोजमध्ये नव्हतंच. शोधताना कळलं की ही निळी स्क्रीन कधीकधी बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममधल्या, एका सेटिंगमुळे येते. साटा कंट्रोलर (डिस्कशी बोलणारा बोर्डावरचा भाग) एएचसीआय मोडमध्ये असताना विंडोज टाकलेलं असेल आणि नंतर तो आयडीई या जुन्या मोडवर गेला, तर विंडोज सुरू होताना चुकीच्या ड्रायव्हरच्या भरवशावर राहतं आणि स्वतःचीच डिस्क त्याला सापडत नाही. बायोसमध्ये जाऊन पाहिलं तर खरंच आयडीई. एएचसीआय केलं, सेव्ह केलं, मशीन सुरू. मी विजयी मुद्रेने चहा प्यायले.

इथे माझी चूक झाली. सेटिंग परत जागेवर आणलं, पण ते मुळात बदललं कसं, हा प्रश्न विचारलाच नाही. तीन दिवसांनी परत निळी स्क्रीन, परत आयडीई.

मग कॅबिनेटवर एक कागद चिकटवला. तारीख, सुरू झाला की नाही, काय दिसलं, आदल्या दिवशी काय केलं. बाबांना सांगितलं, तुम्हीही लिहीत जा. दहाएक नोंदी झाल्यावर शेवटच्या रकान्यात एक गोष्ट दिसली. बिघडलेल्या प्रत्येक सकाळच्या आदल्या रात्री बाबांनी लिहिलं होतं, 'भिंतीवरचं बटण बंद केलं.' चांगल्या दिवसांच्या आधी ते बटण चालूच राहिलेलं.

"बाबा, सकाळी चालू करताना आधी काही येतं का स्क्रीनवर?"

"येतं ना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी. एफ१ नाहीतर एफ२ दाबा म्हणतं, मी एफ२ दाबतो. पुढे जातं."

"कधीपासून?"

"झाले असतील दीड-दोन महिने. अगं, घड्याळ तर त्याच्याही आधीपासून मागे पडतंय. मी लावतो रोज."

म्हणजे सगळा पुरावा घरातच होता, मी साक्षीदारालाच विचारलं नव्हतं. काळ्या पडद्यावरचं वाक्य होतं 'सीमॉस चेकसम बॅड', म्हणजे साठवलेल्या बायोस सेटिंगचा ताळा जुळत नाही, आणि एफ२चा अर्थ होता 'डिफॉल्ट सेटिंग लावून पुढे चला'. आमच्या बोर्डाचं डिफॉल्ट आयडीई. बाबा दर वेळी इमानदारीने एफ२ दाबत होते आणि विंडोजच्या पायाखालची फळी काढत होते.

बायोसची सेटिंग आणि घड्याळ वीज नसताना जिवंत ठेवायला मदरबोर्डवर एक बटण सेल असतो. बहुतेक बोर्डांवर सीआर२०३२. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. लिथियमचा, ३ व्होल्टचा. भिंतीवरचं बटण चालू असलं की कॉम्प्युटर बंद असतानाही एसएमपीएसमधून (आतल्या पॉवर सप्लायमधून) ५ व्होल्टचा स्टँडबाय प्रवाह बोर्डाला मिळत राहतो, आणि सेलवर जवळजवळ भार पडत नाही. बटण बंद केलं की सगळं ओझं सेलवर. आमचा सेल इतका दमला होता की काही तासांत घड्याळ अडखळायचं, आणि फारच खाली गेला की सेटिंगही पुसली जायची. आजार कधी दिसायचा, कधी लपायचा, तो यामुळे.

बदलणं पाच मिनिटांचं काम. केबल काढली, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो, आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घेतला. सेल एका प्लॅस्टिकच्या गोल खाचेत बसलेला असतो, बाजूला धातूची इवलीशी जीभ. ती नखाने मागे ढकलली की सेल एका कडेने टुणकन वर येतो. जुना सेल मल्टिमीटरवर २.१ व्होल्ट, नवा ३.२. अक्षरं आणि अधिकचं चिन्ह असलेली बाजू वर. त्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता, हा त्या दोन महिन्यांतला माझा सगळ्यात शहाणा निर्णय. सेल टाकल्यावर तारीख-वेळ, साटा मोड आणि बूटचा क्रम (आधी कशावरून सुरू व्हायचं तो) फोटो बघून लावले.

बूटच्या क्रमाचा एक छोटा उपद्रव होता. डिफॉल्टमध्ये यूएसबी पहिल्या नंबरवर होतं, आणि बाबांचा पेन ड्राइव्ह मागे कायम लटकलेला. अशा दिवशी निळी स्क्रीनसुद्धा नाही, नुसतं 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. मी त्यावर डिस्क मेली म्हणून एक संध्याकाळ रडत बसले होते.

घड्याळाचा अजून एक प्रताप. तारीख मागे गेली की ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो, कारण साइटच्या प्रमाणपत्राची मुदत त्याच्या हिशेबाने अजून सुरूच झालेली नसते. बाबांना वाटलं व्हायरस शिरला. कोणाकडे असं अचानक सगळीकडे दिसायला लागलं तर आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा.

सेलनंतर निळी स्क्रीन गेली ती आजतागायत आली नाही. पण मशीन सुरू व्हायला सहा मिनिटं लागायची ती लागतच राहिली, आणि मधूनमधून 'ड्राइव्हची तपासणी चालू आहे' असं म्हणत टक्केवारी मोजत बसायचं. हा दुसरा आजार. निळ्या स्क्रीनच्या गडबडीत मी दोन्ही एकच समजत होते.

डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून पाहिलं. पिवळ्या रंगात 'कॉशन', आणि सी५ या ओळीत, म्हणजे पेंडिंग सेक्टरमध्ये, १० आकडा. गंमत म्हणजे हे सॉफ्टवेअर मूळचे आकडे सोळाच्या पायात दाखवतं, म्हणजे १० हे खरं तर १६. वाचायला गेल्यावर डिस्कने हात टेकले आणि पुढे काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, अशा सोळा जागा. आठवड्याने बघितलं तर आकडा वाढलेला. तेव्हा ठरलं.

इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण मी स्वतः ती उलटी करणार होते. अशा डिस्कवर आधी 'चेकडिस्क' या विंडोजच्या डिस्क-तपासणीचा आर पर्याय चालवू नका. तो तासन् तास सगळी तबकडी खरवडत बसतो आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाऊ शकते. आधी फोटो आणि हिशेब बाहेर काढा. मी तेच केलं, मग एक साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) आणली आणि क्लोनझिला या नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरने जुनी डिस्क तिच्यावर उतरवली. पहिल्या खेपेला खराब सेक्टरपाशी अडकून ते थांबलं, दुसऱ्यांदा 'रेस्क्यू' पर्याय निवडल्यावर पुढे गेलं. चेकडिस्क आणि एसएफसी चालवले ते नव्या डिस्कवर, सगळ्यात शेवटी. एसएफसीने काही फाइली दुरुस्त केल्याचं कळवलं. दोन महिन्यांपूर्वी हीच आज्ञा मी आंधळेपणाने पाच वेळा दिली होती.

वेगाबद्दल: आमचा बोर्ड जुन्या, ३ गिगाबिटच्या साटाचा. एसएसडी तिच्या निम्म्या वेगानेच चालते आणि त्याने काडीचा फरक पडत नाही. ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कला एक फेरी पुरी करायला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी ४, वर सुई हलवायचा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइली उचलते. एसएसडीत फिरायलाच काही नाही. सहा मिनिटांचे चाळीस सेकंद झाले, आठ महिन्यांनीही पंचेचाळीसच्या पुढे गेलेले नाहीत. मशीनमध्ये रॅम फक्त ४ जीबी आहे, त्यामुळे ब्राउझरच्या दहा टॅब उघडल्या की अजूनही धापा टाकतं. एसएसडी त्यावर औषध नाही.

क्लोन केल्याचा तोटा असा की जुन्या डिस्कवरचं भूतही नव्या घरी आलं. डेस्कटॉप दिसला की एक चौकट: 'रनडीएलएल. अमुक मोड्यूल सापडलं नाही.' कधीकाळी काढून टाकलेल्या प्रिंटरचं हे उरलेलं शेपूट. निरुपद्रवी, पण बाबा दर वेळी मला हाक मारायचे. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत ते नव्हतंच. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं, आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी देणारं ऑटोरन्स उघडलं, तेव्हा शेड्यूल्ड टास्कच्या भागात एक पिवळी ओळ सापडली. पिवळी म्हणजे नोंद आहे, फाइल नाही. समोरची खूण काढली, ओळ पुसली नाही. खूण परत करता येते, पुसलेलं परत येत नाही. काही ओळी गुलाबीही दिसतात, त्या बघून घाबरून सपासप खुणा काढू नका, त्यातल्या बऱ्याच कामाच्या असतात.

जाता जाता: तपासणी चालू असताना 'फास्ट स्टार्टअप' बंद ठेवा. ते चालू असलं की शटडाउन पुरतं शटडाउन नसतं, विंडोजचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवला जातो, आणि आपण बंद करून चालू केलं म्हणून निष्कर्ष काढतो तो फसतो. रिस्टार्ट मात्र खरा असतो.

आठ महिन्यांत एकदाच परत अडलं, पाचव्या महिन्यात. पडदा काळा आणि आतून लांब बीप. रॅमची पट्टी काढली, सोनेरी टोकांवरून खोडरबर हलकेच फिरवला, भुसा झटकला, खट् आवाज होईपर्यंत परत बसवली. रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६प्लस चालवलं, सकाळी एकही चूक नव्हती.

उणिवा राहिल्यात. एसएमपीएस तेरा वर्षांचा आहे, त्याचा पंखा घरघरतो, आणि पुढचं दुखणं तिथूनच येईल असं मला वाटतं. तो मी उघडणार नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये केबल काढल्यावरही चार्ज राहतो. दुसरं, विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या मशीनला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही, म्हणून विंडोज ११ नियमाने चढत नाही. बँकेचं काम आम्ही त्यावरून पूर्ण काढून घेतलंय. विंडोजऐवजी लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिलं, छान चालतं. बाबांनी पत्त्यांचा खेळ शोधला, तो वेगळा दिसतो म्हणाले, आणि विषय तिथेच थांबलाय.

कागद अजून कॅबिनेटवर आहे. बाबा रात्री भिंतीवरचं बटण बंद करतातच, आणि सकाळी घड्याळ बरोबर निघालं की तारखेपुढे एक टिंब देतात. शेवटची सव्वा दोन महिन्यांची पाटी नुसती टिंबांनी भरलीय.