पावसाळ्यात सिमेंट: एकदम की टप्प्याटप्प्याने?

एकदम माल घ्यायचा तर मृग लागायच्या आत उतरवून घ्या. खान्देशातली काळी जमीन भिजली की भरलेली गाडी रुतते, मग डांबरी रस्त्यावरून डोक्यावर गोण्या वाहायच्या. हमाली वाढते, गोण्या वाटेतच भिजतात. शिवाय 200 गोण्या म्हणजे 10 टन, त्यांना पक्की खोली हवी. पत्र्याचं शेड गळतं. जमिनीपासून वीतभर उंच फळ्या, भिंतीपासून दीड फूट अंतर, थप्पी 10 गोण्यांपेक्षा उंच नको, वरून ताडपत्री. एवढं करूनही दमट हवेत तीन महिन्यांत सिमेंटची ताकद लक्षणीय उतरते.

टप्प्याने घेतलं तर माल ताजा मिळतो. गाडीभाडं जास्त पडतं आणि वाटेवर मुरूम टाकावाच लागतो, तरी पाया-बांधकामाला हेच बरं. स्लॅबचं मात्र वेगळं: 1000 चौरस फूट, पाच इंच जाडीला एम-20 प्रतीच्या काँक्रीटमध्ये साधारण 95 गोण्या लागतात. त्या दोन दिवस आधी जागेवर असल्याच पाहिजेत, ओतकाम मध्येच थांबवता येत नाही.

उतरवताना गोणीत हात घाला, सिमेंट गार लागलं पाहिजे. चिमटीत न फुटणारा खडा निघाला तर गोणी परत करा.

वाळू दोन्ही पद्धतींत फसवते. ओलसर वाळू फुगते, ब्रासच्या (100 घनफूट) मापात पाचवा हिस्सा कमी पडू शकतो. सरळ उभ्या बरणीत 20 सेंमी वाळू भरा, पाणी घालून ढवळा. 16 सेंमीवर बसली तर फुगवटा 25 टक्के. पैसे त्या हिशेबानेच द्या.