जेनेरिक रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅम: काम चोख, पण पोटऱ्यांकडे लक्ष असू द्या

सोलापुरात जनऔषधी केंद्रात मिळणारी ही कोलेस्टेरॉलची गोळी ब्रँडेडपेक्षा बरीच स्वस्त पडते. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण ४५ टक्क्यांनी उतरतं, तेव्हा कामाबद्दल तक्रार नाही. प्रश्न स्नायू दुखण्याचा.

स्टॅटिन गटातली औषधं (रोसुवास्टॅटिन त्यातलंच) यकृतातलं एचएमजी-कोए रिडक्टेज हे कोलेस्टेरॉल बनवायला लागणारं एन्झाइम अडवतात. त्याच साखळीत पुढे जेरानिलजेरानिल पायरोफॉस्फेट हे रसायन बनतं, तेही घटतं. प्रयोगशाळेतल्या पेशींत त्यामुळे मायोब्लास्ट (स्नायूंच्या कच्च्या पेशी) एकमेकींत मिसळून स्नायूंचे तंतू बनणं मंदावतं. ते रसायन बाहेरून दिलं की बरंच सावरतं. मात्र तिथले डोस बहुधा रक्तातल्या पातळीपेक्षा जास्त असतात. चाचण्यांत डमी गोळी घेणाऱ्यांचेही पाय जवळपास तितकेच दुखतात, हेही खरं.

दोन्ही मांड्या किंवा खांदे सारखेच दुखू लागले, उठताना जोर लागला, तर सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) तपासा. वारीहून आल्याआल्या किंवा गाठी उचलल्याच्या दुसऱ्या दिवशी नको, आकडा उगाच फुगतो. वरच्या मर्यादेच्या १० पट गेला किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर गोळी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. थायरॉइड आणि ड जीवनसत्त्वही बघून घ्या; दुखण्याचं मूळ कधीकधी तिथे सापडतं.

अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड गोळीनंतर २ तासांनी घ्या. द्राक्षं खुशाल खा; ग्रेपफ्रूटचं (हे पपनसासारखं वेगळं फळ) पथ्य सिमव्हास्टॅटिन-अ‍ॅटोरव्हास्टॅटिनवाल्यांना.