८ महिन्यांनी लक्षात आलं, धार लावायचा दगड मधे खोल गेलाय

गेल्या रविवारी सुरमईचे तुकडे करताना सुरी मणक्यावरून घसरली. अंगठा थोडक्यात वाचला. आदल्या रात्रीच अर्धा तास बसून धार लावली होती, म्हणून जास्त संताप आला.

१०००/६००० नंबरचा पाण्याचा दगड आहे (ओला करून वापरायचा; एक बाजू १०००, दुसरी त्याहून बारीक ६०००), १,८५० रुपयांचा. त्यावर स्टीलची पट्टी उभी धरली तर मधे नख जाईल एवढी फट! अशा खोलगट दगडावर सुरी सरकते तसा कोन बदलत जातो आणि धार गोल होते. विक्रेत्याला फोन केला. "वापरला की झिजणारच, परत घेत नाही," म्हणाला. तेव्हाच रिव्ह्यूत एक तारा देऊन टाकणार होते.

पण तो झिजतो म्हणूनच कापतो, हे मला नंतर कळलं. बोथट कण गळतात, खालचे ताजे वर येतात. वर जमणारा करडा चिखलही धार लावायला मदत करतो. मी तो सारखा धुऊन टाकत होते. आणि घासत होते फक्त मधल्या चार बोटांत. विक्रेत्यावरचा राग तरी गेलेला नाही. दगड सपाट ठेवावा लागतो, एवढं विकतानाच सांगायला काय जात होतं?

उरलेल्या फरशीवर १२० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात चालणारा सँडपेपर) ओला करून चिकटवला, दगडावर पेन्सिलने चौकटी आखल्या आणि त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत घासलं. पाऊण तास लागला. आता दर वेळी धार लावण्याआधी दोन मिनिटं घासते. त्याच सुरीने परवा पिकलेला टोमॅटो न दाबता कापला. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला बोटाला खरखर लागली की मगच सुरी उलटायची.

भावाचा ट्रेकचा चाकूही यावरच होतो, फक्त कोन जरा जास्त, २० अंशांच्या वर. लाकूड तासायचं तर बारीक धार टिकत नाही. सायकलवरच्या धारवाल्याकडे मात्र मी तो चाकू देत नाही. कोरड्या चाकावर पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो.

पावसाळ्यात दगड ओला डब्यात ठेवला तर बुरशी येते. उन्हातही ठेवू नका, तडकतो. पंख्याखाली दोन दिवस उभा ठेवायचा.

६००० ची बाजू ८ महिन्यांत पाचेक वेळा वापरली असेन. तिने धार इतकी गुळगुळीत होते की माशाच्या कातडीवरून सुरी सरकते. पुन्हा घेताना नुसता १००० घेईन, आणि वाचलेल्या पैशांत वॉटर पेपर.