जुनाट हातदुखी: जपावे की हळूहळू वापरावे?
संगणकाच्या कामामुळे सुरू झालेली हातदुखी तीन महिन्यांपलीकडे रेंगाळली, की दोन वाटा दिसतात: हाताला पट्टा बांधून विश्रांती देणे, किंवा मज्जासंस्था अतिसंवेदनशील झाल्यानेही दुखणे टिकते हे समजून घेऊन हात हळूहळू कामाला लावणे.

ताज्या इजेत पहिली वाट योग्यच. परंतु महिनोन्महिने जपलेल्या हाताचे स्नायू अशक्त होतात, भीती बळावते आणि चहाचा कप उचलण्यापूर्वीच मनगट आखडते. दुसऱ्या वाटेवर तोच कप अर्धा भरून, श्वास संथ ठेवून रोज उचलायचा असतो. माझा कल याच वाटेकडे आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेदनेचा अर्थ नव्याने लावायला शिकवलेल्या रुग्णांपैकी ६६ टक्के वेदनामुक्त किंवा जवळजवळ वेदनामुक्त झाले; अर्थात ते पाठदुखीचे रुग्ण होते. मनाचा संबंध आहे म्हणजे दुखणे खोटे, असे घरच्यांनी कृपया समजू नये.

बधिरपणा असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर मात्र कोणतीही वाट धरण्याआधी डॉक्टरांकडून मानेची व मज्जातंतूंची तपासणी करून घ्यावी.